घोरणं एकाचं, जागरण दोघांचं

(महिला मंडळ आणि ज्येष्ठ नागरिक कट्टा यांच्या संयुक्त आरोग्य कार्यक्रमात केलेलं भाषण)



मी डॉक्टर नाही. नोकरीभर शाळेत गणित शिकवलं. तरी आज मला बोलायला उभं केलंय, कारण गेली चार वर्षं आमच्या उशाशी सीपॅप नावाचं एक मशीन आहे आणि त्याबद्दल लिफ्टमध्ये बऱ्याच जणी मला हळूच विचारतात. हळूच का, तेही कळतं. घोरण्यावर आपल्याकडे विनोद होतात आणि तक्रार करणारी बाई कुरकुरी ठरते. म्हणून आज मोठ्यानं बोलते. आमच्या ह्यांची परवानगी घेतली आहे. ते तिसऱ्या रांगेत बसलेत आणि चक्क जागे आहेत!

‘घोरतोय म्हणजे गाढ झोपलाय’ असं आपण म्हणतो. नुसतं घोरणं वेगळं आणि स्लीप अ‍ॅप्निया वेगळा. या आजारात झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, हवेची वाट बंद होते आणि श्वास निदान दहा सेकंद थांबतो. रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू दचकून जागा होतो, माणूस मोठा हुंदका दिल्यासारखा श्वास घेतो आणि पुन्हा झोपतो. सकाळी त्याला यातलं काही आठवत नाही. असं तासाला पाचपेक्षा जास्त वेळा झालं तर तो आजार आणि तीसच्या वर गेलं तर तीव्र आजार. रक्तदाब, हृदयविकार, पक्षाघात यांच्याशी त्याचा संबंध आहे. १५ फेब्रुवारी २०२२ ला मुंबईत बप्पी लाहिरी गेले, तेव्हा डॉक्टरांनी याच आजाराचं नाव घेतलं होतं.

हे फार थोड्यांना होतं असंही नाही. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेहमीच्या तपासणीला आलेल्या ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांचा अभ्यास केला. तो २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात दिवसा पेंग येण्यासारख्या लक्षणांसह हा आजार असणाऱ्यांचं प्रमाण साडेसात टक्के निघालं. म्हणजे शंभरात सात-आठ. आपल्या सोसायटीतले फ्लॅट मोजा आणि हिशेब तुम्हीच करा.

आता शेजारी झोपणाऱ्या माणसाचं बोलते. आवाजाचा त्रास असतोच, पण खरी भीती आवाज थांबला की वाटते. मी गणिताची बाई, अंधारात सेकंद मोजायचे. पंधरा, सोळा, सतरा... वीस झाले की दंडाला हलवायचं. हॉलमधल्या दिवाणावर झोपून पाहिलं, पण तिथे कान बेडरूमकडेच लागलेले. ह्यांना कोण हलवणार? दिवसा हे पेपर वाचता वाचता पेंगायचे, सिग्नलला गाडी थांबली की डोळा लागायचा. मुंबईला मुलाकडे जाताना कसारा घाट उतरेपर्यंत मी सारखी बोलत राहायचे, विषय संपले तरी. माझं बीपी वाढलं, चिडचिड वाढली. घरात भांडणं कशावरून होतात तेच कळेना.

डॉक्टरांकडे गेलो तेव्हा ह्यांनी ठामपणे सांगितलं, ‘झोप छान लागते.’ डॉक्टर माझ्याकडे वळले आणि म्हणाले, ‘आता तुम्ही सांगा.’ माझी पहिली विनंती हीच. तपासणीला जोडीनं जा. रोगी झोपलेला असतो, साक्षीदार तुम्हीच असता. श्वास थांबतानाचा फोनवर व्हिडिओ काढून नेलात तर अजून चांगलं. पुढे रात्रभराची झोपेची चाचणी झाली. आकडा आला तासाला ३८.

हे मशीन सोपं आहे. हवा ठरावीक दाबानं नाकातून जाते आणि घशाची वाट उघडी धरते. ऑस्ट्रेलियाचे डॉ. कॉलिन सुलिवन यांनी ते १९८० साली पहिल्यांदा वापरलं. त्याआधी तीव्र आजारात गळ्याला भोक पाडण्याची शस्त्रक्रिया करावी लागे.

पहिली रात्र सांगते. इतकी शांतता होती की मीच चार वेळा उठून ह्यांची छाती हलते का पाहिलं! माझी झोप परत यायला दोन आठवडे गेले. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकनं १९९९ साली दहा जोडप्यांवर असाच अभ्यास केला होता. मशीन लावलं रोग्याला आणि जोडीदाराची झोप रात्रीला सुमारे तासानं वाढली. औषध एकाला, गुण दोघांना!

पण पहिला महिना कठीण असतो. मास्क टोचतो, नाक कोरडं पडतं, ‘हत्तीची सोंड’ म्हणून नातवंडं हसतात. तेव्हा मशीन कपाटात जाऊ देऊ नका. मास्क बसत नसेल तर बदलून मागा. हवा गळून तुमच्या तोंडावर येत असेल तर पट्टे नीट करून घ्या. आपल्या नाशिकच्या जानेवारीत नळीत पाणी साठतं. नळी पांघरुणात घ्या आणि मशीन डोक्याच्या पातळीखाली ठेवा. लाइट गेली तर इन्व्हर्टरवर चालतं, फक्त पाणी तापवण्याची सोय बंद ठेवा, म्हणजे बॅटरी पुरते. आणि गावाला, लग्नाला जाताना मशीन बरोबर न्या. ते आजार मुळापासून बरा करत नाही. लावलं त्या रात्रीपुरताच उपयोग. वजन उतरवणं आणि दारू टाळणं याला पर्याय नाही. झोपेची गोळी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नका.

शेवटचं, माझ्या मैत्रिणींसाठी. पाळी गेल्यावर बायकांतही हा आजार वाढतो. आपण लाजेनं सांगत नाही आणि शेजारचा गाढ झोपलेला असतो! तेव्हा पुरुष मंडळींनो, एखादी रात्र तुम्हीही जागे राहून ऐका.

पंचवीस वर्षं आपण एकमेकांच्या सुखदुःखात राहिलो. रौप्यमहोत्सवात एवढंच मागते, ज्याच्या घरी हा त्रास असेल त्यांनी या महिन्यातच डॉक्टर गाठा. मशीन बघायचं असेल तर आमच्याकडे चहाला या.