शाळेच्या पायरीपाशी

२०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाने अपंगत्वाचे मान्य प्रकार ७ वरून २१ केले. ४० टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्या बालकास ६ ते १८ या वयात मोफत शिक्षणाचा हक्क दिला. परंतु चाकाची खुर्ची शाळेच्या पायरीशी अडली की हक्कही तेथेच थांबतो. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्चावयाची असते. मार्चअखेरीस वस्तुवाटप करून ती संपविणे सोपे. हिशेबही नेटका दिसतो! दीड फूट चढण्यास मात्र किमान अठरा फूट लांबीचा उतार लागतो, आणि तो बांधताना कठड्याचा विसर पडू नये. सरपंचांनी मुख्याध्यापकांकडून शाळाबाह्य दिव्यांग मुलांची यादी मागवावी व मगच अंदाजपत्रक मांडावे.