दुसऱ्यांनी निवडलेली पुस्तकं
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



सकाळपासून प्रत्येकाला "मी सॉफ्टवेअरमध्ये आहे" एवढंच सांगते आहे. आता पाच मिनिटं मिळाली आहेत, तर दुसरं काही सांगते. गेल्या फेब्रुवारीत मी वाचनाचा एक पण केला होता, त्याबद्दल.

फेब्रुवारीचे दिवस २८, म्हणजे आठवडे बरोबर चार. त्यात २७ तारखेला कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, आपला मराठी भाषा गौरव दिन. चार आठवड्यांत चार पुस्तकं वाचायची आणि त्यातलं एकही स्वतः निवडायचं नाही, असा नियम केला. नियमाचं कारण माझ्या कामात आहे. मोबाइलवर 'तुम्हाला हेही आवडेल' असं येतं ना, ते आमच्यासारखेच लोक बनवतात. तुम्ही आधी काय घेतलंत आणि तुमच्यासारखी आवड असलेल्यांनी काय घेतलं, हे त्यात जुळवलेलं असतं. त्यामुळे आवडीच्याच गल्लीत आपण फिरत राहतो. शाळेत तसं नव्हतं. वाचनालयाच्या तासाला हजेरी क्रमांकाप्रमाणे पुस्तकं वाटली जायची, हातात येईल ते वाचायचं. मला एकदा शिवणकामाचं पुस्तक आलं होतं. तेही वाचलं!

पहिलं पुस्तक आईने सांगितलं, गोडसे भटजींचं 'माझा प्रवास'. डोळ्यांच्या पडद्याच्या विकारामुळे तिला आता छापील अक्षर दिसत नाही, म्हणून मोठ्याने वाचायचं ठरलं. वरसईचा एक भिक्षुक दक्षिणा मिळवायला उत्तरेत जातो आणि १८५७च्या धामधुमीत सापडतो. झाशीचा वेढा तो आतून पाहतो. पुस्तक छापलं गेलं १९०७ साली. लांबलचक वाक्यांत मी अडखळले की आई पुढचा शब्द सांगायची. दिवसाला चाळीस पानांचा माझा एक्सेलमधला हिशोब तिसऱ्या दिवशीच कोलमडला, पण आई रोज रात्री साडेआठला खुर्ची ओढून तयार असायची.

दुसरं मुलीने दिलं, ॲन फ्रँकची डायरी, तिची स्वतःची इंग्रजी प्रत. ॲनची शेवटची नोंद १ ऑगस्ट १९४४ची, तेव्हा ती १५ वर्षांची होती. माझी मुलगीही १५ वर्षांचीच आहे. ॲन आपल्या आईबद्दल जिथे जिथे लिहिते, तिथे मुलीने पेन्सिलने रेघा मारल्या होत्या. पुस्तक देताना ती एक शब्दही बोलली नव्हती. मी ते वाचून परत दिलं आणि विचारलं, "ह्या रेघांबद्दल बोलायचं का?" त्या रात्री आम्ही दोघी सोसायटीत दीड तास चालत होतो. काय बोललो ते इथे सांगत नाही. बोललो, हे महत्त्वाचं.

तिसरं ऑफिसातल्या सहकाऱ्याने सुचवलं, दया पवारांचं 'बलुतं', १९७८चं. बारा वर्षं आमची टेबलं शेजारी आहेत. रिलीजच्या तारखा, पगारवाढ, मुलांचे क्लास, सगळ्यावर बोलणं झालेलं. मुंबईच्या कावाखान्यातली ती माणसं वाचली आणि सोमवारी डबा खाताना विषय काढला. तेव्हा त्याने पहिल्यांदा स्वतःच्या आजोबांचं सांगितलं. गावात त्यांच्या वाट्याला कोणती कामं होती, आणि वडिलांनी गाव का सोडलं. मी ऐकत राहिले. डबा तसाच राहिला.

चौथं पुस्तक आपल्या मराठीच्या बाईंना फोन करून विचारलं. बाई, तुम्ही समोरच बसला आहात. तुम्ही म्हणालात, "'स्मृतिचित्रे' घे. आणि घाई करू नकोस." लक्ष्मीबाई टिळक कधी शाळेत गेल्या नव्हत्या, त्यांना अक्षरओळख झाली लग्नानंतर. त्यांच्या आठवणी १९३४पासून भागाभागाने छापून येऊ लागल्या. दुःखाचा प्रसंग सांगतानाही ही बाई मध्येच हसवते. महिना संपला तेव्हा अर्धंच झालं होतं, उरलेलं मार्चभर पुरवून वाचलं.

आकड्यांत पाहिलं तर चारपैकी साडेतीन. परंतु मला ह्या महिन्यात वेगळीच गोष्ट कळली. कुणी आपल्या हातात पुस्तक ठेवतं तेव्हा बऱ्याचदा त्याला काही सांगायचं असतं, आणि तोंडाने ते सांगता येत नसतं. वाचून परत करताना दोन शब्द बोललो, तर ते बाहेर येतं. आपण सगळे आता पंचेचाळिशीच्या आसपास आहोत. घरात आईवडील थकले आहेत, मुलं दार लावून बसतात. अशा वेळी वर्षाला पन्नास पुस्तकांचा पण करण्यापेक्षा चार माणसांना विचारणं मला जास्त मोलाचं वाटतं.

म्हणून एक सुचवते. जेवणाच्या टेबलावर जुनी हजेरी ठेवली आहे. आपल्या नावाच्या पुढचं नाव पाहा, त्या माणसाला गाठा आणि विचारा, "मी काय वाचू?" माझ्यापुढे कुणाचं नाव आहे, ते मी सकाळीच पाहून ठेवलं आहे. जेवताना येतेच तुझ्याकडे.