सरकारी बांधकाम आणि बाईची हजेरी

(नाशिक येथे बांधकाम मजूर स्त्रियांच्या शिबिरात केलेले भाषण)



२०२७ च्या सिंहस्थासाठी नाशिक-त्र्यंबकेश्वरला रस्त्यांची, घाटांची, पुलांची कामे निघाली आहेत. पैसा सरकारी, म्हणजे तुमचा-माझा. पेठ-सुरगाण्याकडून आलेली जोडपी नाक्यावर उभी राहतात आणि मुकादम 'जोडी' ठरवतो. जोडीचा रोज नवऱ्याच्या हातात पडतो. बाईला तिचा रोज विचारला, की ती नवऱ्याकडे बघते.

सरकारी कामाचे अंदाजपत्रक दरसूचीवरून होते. एक घनमीटर बांधकामाला अमुक दर, त्यात मजुरी धरलेली. घमेले बाईने वाहिले म्हणून हा दर उतरत नाही. बिल पुरे निघते. मग बाईला कमी दिलेला पैसा कोणाच्या खिशात राहतो?

दिल्लीच्या एशियाडच्या कामांवर हेच झाले. ९ रुपये २५ पैसे रोजातला एक रुपया जमादार कापून घेत, आणि बायकांच्या हातावर ७ रुपये ठेवत. १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की किमान वेतनाहून कमी पैशांत राबवून घेणे ही घटनेच्या २३ व्या कलमाने बंद केलेली वेठबिगारीच आहे. कंत्राटदार नेमला म्हणून सरकारला हात झटकता येत नाहीत.

समान वेतनाचा १९७६ चा कायदा आता २०१९ च्या वेतन संहितेत आला आहे. पण त्यात मेख आहे ती 'समान काम' या शब्दांत. हाताखाली आलेला पोरगा चार-पाच वर्षांत थापी धरून गवंडी होतो, बाई वीस वर्षे माल कालवूनही बिगारीच. (माल पातळ झाला तर गवंडी तिच्यावरच खेकसतो, म्हणजे त्यात कसब आहे हे त्याला चांगलेच ठाऊक असते!) मला वाटते, आपली खरी लढाई बाईच्या हातात थापी येण्याची आहे. नुसते 'समान रोज द्या' म्हटले, तर मुकादम बिनदिक्कत म्हणेल, बिगारीला बिगारीचाच रोज देतो.

आणखी एक. कल्याणकारी मंडळात नोंदणीला वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. हजेरी नवऱ्याच्या नावावर लागली, तर बाईचे दिवस भरणार कसे? बाळंतपणाची मदत, मुलांची शिष्यवृत्ती या नोंदणीवरच मिळते.

म्हणून आपापल्या भागातल्या सरकारी कामावर जाऊन हजेरीची वही मागा. बाईचे नाव वेगळे लिहिले आहे का आणि पुढे तिचा स्वतःचा अंगठा आहे का, एवढे आधी बघा.