बाप्पांच्या वाहनाचा मेंदू

(गणेशोत्सवातील व्याख्यान)



बाप्पांच्या पायाशी बसलेला उंदीर हा आज माझा विषय आहे. त्याच्या मेंदूत कोणता निरोप कुठे पोचतो, याचे नकाशे शास्त्रज्ञ काढतात.

मेंदूतल्या पेशीचा तंतू दूरवर जातो. त्याच्या टोकाशी रसायनाच्या इवल्याशा पिशव्या असतात. रसायन सुटले, की पुढच्या पेशीला निरोप मिळतो. हे टोक नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. म्हणून मेंदूचे केसाहून पातळ काप करतात, हव्या त्या रसायनालाच चिकटणारी प्रतिपिंडे त्यावर सोडतात आणि रंग चढवतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली तंतूंचे जाळे उमटते.

असे काम आपल्या नागपुरातही झाले. नागपूर विद्यापीठात डॉ. निशिकांत सुभेदार आणि सहकाऱ्यांनी 'कार्ट' नावाच्या पेप्टाइडचा मागोवा घेतला. भूक आणि भावना या दोन्हींशी त्याचा संबंध आहे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात काही उंदरांना एकेकटे वाढवले होते. पाण्यात सोडल्यावर ते हातपाय मारणे लवकर सोडून देत. हे औदासीन्याचे लक्षण मानतात. त्यांच्या मेंदूच्या कापांत, भावनांशी निगडित भागांत कार्टची खूण फिकी पडलेली दिसली. बाहेरून कार्ट दिल्यावर वागण्यात फरक पडला.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे. यातून लगेच औषध निघत नाही. पण एकटेपणाची खूण मेंदूत उमटू शकते, एवढे या कापांनी दाखवले.

मी औषधशास्त्र शिकवतो. तरी नांदेडला एकटी राहणारी माझी मावशी फोन उचलेनाशी झाली, तेव्हा मी "वय झालं" म्हणून सोडून दिले. नैराश्य आहे हे सहा महिन्यांनी डॉक्टरांकडून कळले. उपचारांनी ती सावरली, पण ते सहा महिने माझ्यामुळे वाया गेले.

आपल्या काचीगुड्यात, सुलतान बाजारात किती घरी मुले परदेशी आणि आईवडील इथे आहेत! दहा दिवस आरतीला सगळे भेटतात. अकराव्या दिवशी मंडप उतरतो. तेव्हा शेजारच्या काका-काकूंचे दार वाजवा. कोणी दोन आठवडे गप्प, उदास असेल, जेवणखाण, झोप बिघडली असेल, तर डॉक्टरांकडे घेऊन जा.

गणपती बाप्पा मोरया!