घराबाहेरचें जनित्र आणि घरांतली वीज

३ जून २०२० या दिवशीं ‘निसर्ग’ नांवाचें चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर येऊन आदळलें, तेव्हां श्रीवर्धनापासून दापोलीपर्यंतच्या पट्ट्यांत माड-पोफळींबरोबर विजेचे खांबहि हजारोंनीं आडवे झाले. कित्येक गांवांत दिवे पुन्हा लागावयास आठवडे लोटले. पुढच्याच वर्षीं, मे २०२१ मध्यें, ‘तौक्ते’ हें वादळ किनाऱ्याच्या कडेकडेनें गुजराथेकडे गेलें आणि जातां जातां त्यानेंहि तारा तोडल्या. या दोन पावसाळ्यांनंतर कोंकणांतल्या पुष्कळ घरांत एक नवी वस्तु आली. पेट्रोलवर चालणारें, दोघांनीं उचलून नेण्याजोगें लहान विद्युत्-जनित्र. आपण सर्वजण त्यास ‘जनरेटर’ म्हणतों. मुंबई-पुण्यास नोकरीनिमित्त राहणाऱ्या मुलांनीं गांवाकडच्या आईवडिलांसाठीं तें मोठ्या मायेनें घेऊन दिलें. यंत्र घरीं आलें खरें; परंतु त्याची वीज घराच्या तारांत घ्यावयाची कशी, याचा विचार यंत्राच्या किंमतीइतका कोणी केलेला दिसत नाहीं. आज तोच विषय आपणांपुढें मांडावयाचा आहे.

जनित्र घरास जोडण्याची जी रीत सर्वांत सोपी म्हणून चालू आहे, तीच सर्वांत वाईट आहे. एक वायर घ्यावयाची, तिच्या दोन्ही टोकांस प्लग बसवावयाचे, एक प्लग जनित्रांत खोंचावयाचा आणि दुसरा स्वयंपाकघरांतल्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटमध्यें! झालें, सबंध घरांत दिवे लागतात. अशी तयार वायर एका दुकानांत विकावयास टांगलेली मीं स्वतः पाहिली आहे, आणि दुकानदार ती गिऱ्हाइकांस कौतुकानें दाखवीत होता. अमेरिकेंतले वायरमन या वस्तूस ‘सुइसाइड कॉर्ड’, म्हणजे आत्मघाताची दोरी, म्हणतात. नांव कठोर आहे, पण यथार्थ आहे. नेहमींच्या प्लगच्या पितळी पिना उघड्या असल्या तरी त्यांत वीज नसते, वीज असते ती सॉकेटच्या भोकांच्या आंत. येथें उलट होतें. जनित्र चालू असतांना भिंतीकडचा प्लग कोणीं ओढून काढला, तर त्याच्या हातांत २३० व्होल्टच्या उघड्या पिना येतात. अंधारांत, ओल्या जमिनीवर, घाईघाईंत हें होणें किती सोपें आहे!

परंतु याहून मोठा धोका आपल्या घराबाहेर असतो, आणि तो आपणांस दिसत नाहीं. घराच्या तारा मीटरमधून खांबावर, खांबावरून गांवच्या रोहित्राकडे जातात. हें रोहित्र, म्हणजे ट्रान्स्फॉर्मर, एका बाजूनें अकरा हजार व्होल्ट घेतें आणि दुसऱ्या बाजूनें आपल्या उपयोगापुरते करून देतें. फॅरेडेनें १८३१ सालीं विजेचें प्रवर्तन दाखविलें, तें शाळेंत शिकवितांना आपण मुलांस सांगतों कीं, एका लोखंडी गाभ्यावर दोन वेटोळीं असलीं म्हणजे एकांतल्या बदलत्या प्रवाहानें दुसऱ्यांत दाब उत्पन्न होतो. मात्र त्यांतलें एक वाक्य सांगावयाचें बहुधा राहून जातें. कोणतें वेटोळें पहिलें आणि कोणतें दुसरें, हें रोहित्रास ठाऊक नसतें. ज्या बाजूनें वीज द्याल, ती पहिली बाजू. आपल्या जनित्राचे २३० व्होल्ट मीटरमधून उलटे बाहेर पडून रोहित्रास पोंचले, तर पलीकडच्या तारेवर दहा-अकरा हजार व्होल्ट उभे राहतात. त्या तारेवर त्या वेळीं कोण असतो? वादळानंतर दिवसरात्र खांबावर चढणारा लाइनमन. ‘निसर्ग’च्या वेळीं अशीं माणसें दुसऱ्या जिल्ह्यांतूनहि आणावीं लागलीं होतीं. ज्या गांवाचे रस्तेहि त्यांस ठाऊक नव्हते, त्या गांवांत कोणाच्या पडवींत जनित्र धडधडत आहे, हें त्यांस कोठून कळणार?

यावर एक सुशिक्षित आक्षेप नेहमीं ऐकूं येतो. माझें जनित्र दोन किलोवॅटचें. तें सगळ्या गांवास वीज कशी पुरवील? सारा गांव जोडलेला असला, तर तें दम कोंडून तत्काळ बंदच पडेल. हें म्हणणें चांगल्या दिवसांत खरें आहे. पण वादळांत तारा ठिकठिकाणीं तुटलेल्या असतात, शेजाऱ्यांनीं भीतीनें आपले मेन स्विच बंद केलेले असतात, आणि मग आपल्या घरापासून रोहित्रापर्यंतचा तेवढाच तुकडा जनित्राच्या वांट्यास येतो. तेवढें ओझें तें आनंदानें ओढतें. शिवाय खालच्या तारेवरचे २३० व्होल्टहि माणसास पुरेसे असतात. दुसरा आक्षेप असा कीं, आम्ही मेन स्विच आठवणीनें बंद करतों. करतां, हें मान्य. पण मध्यरात्रीं वीज आली कां पाहावयास उठलेला पाहुणा, किंवा घरांतलाच दुसरा कोणी, तो स्विच चालू करणार नाहीं याची हमी कोण देईल? दुसऱ्याच्या जिवाची राखण आपल्या आठवणीवर सोंपविणें बरें नव्हे. ती लोखंडावर सोंपवावी.

हें लोखंड म्हणजे चेंजओव्हर स्विच. याच्या दांड्यास तीन जागा असतात. एकीकडे केला कीं घर खांबावरच्या विजेस जोडलें जातें, दुसरीकडे केला कीं जनित्रास, आणि मध्यें ठेवला कीं कोणासच नाहीं. दोन्ही बाजूंस एकाच वेळीं जोडणें त्यास शक्यच नसतें. पातें एक, तें एका वेळीं एकाच ठिकाणीं बसतें. मीटर आणि मेन स्विच यांच्या पुढें व घरांतल्या फ्यूज-एमसीबींच्या फळीच्या आधीं याची जागा. घेतांना तो दोन पोलांचा, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा, आहे हें पाहून घ्यावें. घरास तीन फेज असतील तर चार पोलांचा. नुसता फेज तोडून न्यूट्रल जोडलेला ठेवणारा स्वस्त प्रकार घेऊं नये. त्या न्यूट्रलच्या वाटेनें घोटाळे होतात.

आतां जनित्रापासून या स्विचपर्यंत वीज यावयाची, तिच्यासाठीं बाहेरच्या भिंतीवर एक लहानशी झांकणाची पेटी बसवितात. तिला ‘इनलेट’ म्हणतात. तिच्या पोटांत पिना असतात, सॉकेटचीं भोकें नसतात, आणि या पिना खोलगट कड्यांत दडलेल्या असतात. वायरीच्या एका टोकास जनित्रांत जाणारा प्लग आणि दुसऱ्या टोकास या पिनांवर बसणारें भोकांचें तोंड. म्हणजे वीज ज्या बाजूनें येते त्या बाजूस नेहमीं भोकें आणि ज्या बाजूस जाते तिकडे पिना, हा नियम येथें पाळला जातो, आणि मघांच्या त्या दुतोंडी वायरींत मोडला जातो. एवढा एकच फरक. पण सर्व सुरक्षितपणा त्यांत आहे. कारखान्यांत वापरतात ते निळ्या रंगाचे गोल इंडस्ट्रियल प्लग या कामास उत्तम. निळा रंग २०० ते २५० व्होल्टची खूण आहे. लहान जनित्रास १६ अँपिअरचा, मोठ्यास ३२ चा.

पेटी कोठें बसवावी, याविषयीं कोंकणच्या पावसाकडे पाहून बोललें पाहिजे. वळचणीखालीं, परंतु पागोळ्यांच्या रेषेच्या बरीच आंत, आणि अंगणांत पाणी तुंबतें त्या उंचीच्या खासा वर. जांभ्याच्या भिंतीस भोंक पाडतांना त्याचा उतार बाहेरच्या बाजूस ठेवावा. आंतल्या बाजूस उतार दिला कीं पहिल्या आषाढसरीचें पाणी पाईपांतून थेट स्विचमध्यें उतरतें. वायर पेटींत खालून घ्यावी, वरून नव्हे.

बाहेर पेटी बसविण्याचें खरें महत्त्व आणखी एका गोष्टींत आहे, आणि ती मला सर्वांत अधिक वाटते. पेटी नसली, म्हणजे माणसें वायर खिडकींतून आंत घेतात. खिडकी वीतभर उघडी राहते. वायर आंखूड पडते म्हणून जनित्र जवळ आणतात, आणि पाऊस आला कीं तें पडवींत सरकतें. पेट्रोल जळतांना कार्बन मोनॉक्साइड हा वायु निघतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील हिमोग्लोबिनाशीं तो प्राणवायूपेक्षां दोनशेंहून अधिक पटींनीं घट्ट जडतो, आणि मग प्राणवायूस जागाच उरत नाहीं. डोकें दुखतें, मळमळतें, गुंगी येते. झोंपलेल्या माणसास तेवढेंहि कळत नाहीं. पडवी तिन्ही बाजूंनीं मोकळी आहे, वारा येतो, हें समाधान खोटें आहे. वाराच तो वायु घरांत लोटतो. जनित्र दारें-खिडक्यांपासून निदान वीस फूट दूर, धुराचें नळकांडें घराच्या उलट दिशेस करून ठेवावें. पावसासाठीं त्याच्यावर अंगणांत स्वतंत्र छप्पर करावें, पण बाजू मोकळ्या असाव्या. पेट्रोल भरावयाचें तें यंत्र बंद करून व थंड झाल्यावर. तापलेल्या इंजिनावर सांडलेल्या पेट्रोलास काडी लागत नाहीं.

वीस फूट आणि वर थोडी मोकळीक, अशी वायर बरीच लांब होते. तेव्हां थोडा हिशेब करूं. दोन किलो व्होल्ट-अँपिअरचें जनित्र २३० व्होल्टला सुमारें पावणेनऊ अँपिअर देतें. अडीच चौरस मिलिमीटर तांब्याच्या तीन तारांची वायर वीस मीटर घेतली, तर वाटेंत सुमारें तीन व्होल्ट खर्च होतात. तें काहीं फार नव्हे. हलक्या, दिव्याच्या वायरीनें हेंच काम घेतलें, तर ती तापते. आणि वायर कितीहि जाड असली तरी गुंडाळी करून ठेवूं नये, सगळी उलगडून सरळ टाकावी.

ओझ्याचाहि हिशेब घरोघर करावा. नऊ वॅटचे सहा दिवे म्हणजे ५४, पाऊणशे वॅटचे तीन पंखे म्हणजे २२५, शीतकपाटाचे सुमारें २००. बेरीज ४७९ वॅट. इतक्यास लहान जनित्र भरपूर. खरी अडचण विहिरीवरच्या पंपाची. एका अश्वशक्तीचा पंप चालू असतां सुमारें अकराशें वॅट घेतो. तेंहि बेरजेंत बसतें. पण सुरू होतांना क्षणभर तो नेहमींच्या पांच-सहा पट प्रवाह मागतो. तेवढा देतांना जनित्र गुदमरतें, दाब उतरतो, आणि पंप न फिरतां नुसता गुणगुणत तापत राहतो. आधीं फ्रिज-पंखे बंद करून एकटा पंप लावून पाहावा. न चालला तर हट्ट धरूं नये, आपला रहाट आहेच.

आतां न्यूट्रल आणि अर्थिंग. हा भाग थोडा क्लिष्ट आहे, पण टाळतां येत नाहीं. तिसरी हिरवी तार जनित्राच्या सांगाड्यापासून इनलेटमधून घराच्या अर्थिंगपर्यंत अखंड गेली पाहिजे; चेंजओव्हर तिला स्पर्शहि करीत नाहीं. घरांत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असला, तर तो जमिनीकडे गळणारा प्रवाह पाहून तुटतो. परंतु लहान जनित्राचीं वेटोळीं बहुधा जमिनीशीं जोडलेलीं नसतात. मग गळणाऱ्या प्रवाहास परत यावयास वाटच नाहीं, आणि आरसीसीबी स्वस्थ बसतो. म्हणून जनित्राच्या बाजूस, आणि तेथें एकाच ठिकाणीं, न्यूट्रल व अर्थ जोडावे लागतात. चेंजओव्हर दोन्ही पोल तोडणारा असेल तरच हें करावें. हें काम जनित्राची रचना पाहून जाणत्या वायरमननेंच करावयाचें आहे. आपण त्यास फक्त विचारावें कीं, जनित्रावर आरसीसीबी काम करील कां, आणि त्यानें तें करून दाखवावें.

इन्व्हर्टर असलेल्या घरांत चेंजओव्हर इन्व्हर्टरच्या आधीं यावयास हवा. आणि काहीं इन्व्हर्टर लहान जनित्राची खडबडीत वीज घेतच नाहींत, हेंहि लक्षांत असावें. छपरावर सूर्यविजेचीं पत्रें असून ती वीज खांबाकडे जात असेल, तर तिची जोडणी चेंजओव्हरच्या खांबाकडील बाजूसच ठेवावी. जनित्राच्या बाजूस ती आली, तर ती जनित्रांतच उलटी घुसावयाची.

वापरतांनाचा क्रम मोठ्या अक्षरांत लिहून स्विचशेजारीं चिकटवावा, म्हणजे घरीं एकटी आईच असली तरी अडत नाहीं. आधीं सगळे एमसीबी बंद, चेंजओव्हर मध्यावर. मग वायर जोडावी, जनित्र चालू करावें, त्याचा आवाज एकसारखा होऊं द्यावा. नंतर दांडा जनित्राकडे, आणि एमसीबी एकेक करून चालू. खांबावरची वीज आलेली कळावी म्हणून मेन स्विचच्या पुढें, चेंजओव्हरच्या आधीं, एक बारीक खुणेचा दिवा लावून घ्यावा. नाहींतर शेजारच्या घराकडे पाहत बसावें लागतें. बंद करतांना क्रम उलटा, मात्र जनित्र ओझ्यावांचून दोन-चार मिनिटें चालूं द्यावें, आणि तें थांबल्यावरच वायर काढावी.

हें सर्व काम परवानाधारक वायरमनकडून, चैत्र-वैशाखांत, करून घ्यावें. वादळानंतर तो कोणासच मिळत नाहीं. काम संपल्यावर त्यास एक चांचणी करावयास सांगावी. मेन स्विच बंद, जनित्र चालू, चेंजओव्हर जनित्राकडे, घरांत दिवे लागलेले. अशा स्थितींत त्यानें टेस्ट लॅम्प घेऊन मेन स्विच आणि चेंजओव्हर यांच्या मधल्या तारा तपासाव्या. तेथें दिवा लागतां कामा नये. लागला, तर जोडणी चुकली आहे, आणि ती दुरुस्त झाल्यावांचून मजुरी देऊं नये.