उणे १६ टन ऊस

शिरूर आणि दौंडच्या कॉलेजांत कॉम्प्युटर सायन्स शिकणाऱ्या मित्रमैत्रिणींनो,

घोड आणि भीमेच्या पाण्यावर आपल्याकडे ऊस उभा राहतो, म्हणून उदाहरण वजनकाट्याचंच घेते. समजा, उसाच्या वजनाची पावती करणारा प्रोग्रॅम तुम्ही सी भाषेत लिहिलात. भरलेल्या ट्रकचं वजन २५ टन, रिकाम्याचं ९, ऊस १६ टन. उत्तर बरोबर आलं, जर्नलला आउटपुट चिकटवलं, सरांची सही झाली. इथंच आपण थांबतो, आणि मला बोलायचंय ते या थांबण्याबद्दल.

तेच आकडे एकदा उलटे टाकून बघा. उणे १६ टन ऊस येतो आणि प्रोग्रॅम तो मुकाट्यानं छापतो. रिकाम्या वजनाच्या जागी शून्य टाका, ट्रकसुद्धा उसाच्या भावानं जातो! आता आकड्याऐवजी अक्षरं टाका. स्कॅनएफला आकडा मिळाला नाही की तो व्हेरिएबलला हात लावत नाही. लूप असेल, तर अक्षरं तिथंच अडकून राहतात आणि मागच्या गाडीचं वजन छापलं जातं, पुन्हा पुन्हा. एकाचा ऊस दुसऱ्याच्या नावावर चढतो.

म्हणून प्रोग्रॅम चालवण्याआधी वहीत दोन रकाने आखा. काय टाकणार, आणि काय यायला हवं. उत्तर आधी लिहून ठेवलं की पडद्यावर आलं तेच खरं मानायचा मोह सुटतो. चूक दुरुस्त झाली तरी ते उदाहरण खोडू नका. कोडमध्ये काहीही बदललं की ते पुन्हा चालवा, कारण जुनी दुखणी परत उपटतात.

एका ठिकाणी नीट चाललेला कोडही नव्या ठिकाणी पुन्हा तपासावा लागतो. ४ जून १९९६ रोजी युरोपचं एरियन-५ रॉकेट उड्डाणानंतर सुमारे ४० सेकंदांत फुटलं. दोष ज्या कोडमध्ये होता, तो एरियन-४ वर नीट चालला होता. नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त, त्यातून आलेली संख्या १६ बिटांत मावली नाही. नव्या उड्डाणमार्गाचे आकडे देऊन तो भाग आधी तपासलाच नव्हता.

काय काय टाकून बघायचं, ते सगळं एकट्याला सुचत नाही. घरी वडील किंवा चुलते काट्यावर जाऊन आलेले असतील, तर कीबोर्ड त्यांच्यापुढं ठेवा आणि तुम्ही गप्प बसा. ते नुसतं २५ लिहिणार नाहीत, ‘२५ टन’ लिहितील. कदाचित गाडीचा नंबर वजनाच्या जागी टाकतील. त्यांना मध्येच टोकू नका. ते जे जे टाकतील, ते पहिल्या रकान्यात उतरवून घ्या.