वेताळ, हडळ आणि मराठी वाचन

मुलांच्या हाती भुताखेतांची पुस्तके देऊ नयेत, असा आग्रह सुशिक्षित घरांतून पुष्कळदा धरला जातो. आमच्या जबलपूरकडील रांझीची मराठी घरेही त्याला अपवाद नाहीत. मुले भित्री होतील, ही त्यामागची शंका. परंतु मराठीतील आरंभीच्या छापील गद्य पुस्तकांतच वेताळ येऊन बसलेला आहे. सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी १८३० साली ‘वेताळपंचविशी’ मराठीत आणली. तो वेताळ प्रेतात वसणारा खरा. पण राजाला कोडी घालतो आणि न्याय काय तो सांगावयास लावतो.

आपल्या जुन्या भुतांना कायदा असतो. मुंजा म्हणजे मुंज झालेला, परंतु सोडमुंजीपूर्वी मेलेला मुलगा. त्याचा मुक्काम पिंपळावर. हडळीचे पाय उलटे. पाय पाहिले की ओळख पटली, पिंपळ टाळला की सुटका झाली. कचेरीत आयुष्य घालविणाऱ्या माझ्यासारख्याला हे नियम सरकारी नियमांहून सुबोध वाटतात! लहान मुलाला भयाची पहिली ओळख अशा नियमबद्ध भुतानेच करून द्यावी.

रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांनी पुढची वाट दाखविली. त्यांच्या ‘अलबत्या गलबत्या’ नाटकातील चिंची चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी रंगविली. ती मुलांना भिवविते आणि हसवितेही. त्याच लेखकाच्या गूढकथांत मात्र भय माणसाच्या मनातूनच उगवते. नारायण धारपांच्या (१९२५–२००८) कथांत तर राहते घरच दगा देते. तेथे पिंपळ टाळून भागत नाही. तथापि त्यांच्या ‘समर्थ’ कथांत रक्षणकर्ता असतो. तेरा-चौदा वर्षांच्या वाचकाने तेथून आरंभ करावा, असे माझे मत आहे.

रांझीत या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उभारलेल्या खमरियाच्या दारूगोळा कारखान्यामुळे या भागात नाना प्रांतांची माणसे आली. येथील मराठी मुलाचे शिक्षण बहुधा हिंदीत किंवा इंग्रजीत होते आणि मराठी स्वयंपाकघरापुरती उरते. ‘ळ’ हे अक्षर त्याला शाळेत भेटतच नाही. हिंदीत वेताळाचाही ‘बेताल’ होतो. नीतिपाठांची पुस्तके अशा घरांत धूळ खातात. गोष्ट ऐन रंगात आली असता थांबविली, तर मात्र तेच मूल अडखळत का होईना, पुढचे पान स्वतः वाचू लागते. म्हणून पालकांनी दिवेलागणीनंतर चार पाने मोठ्याने वाचावीत, दार करकरले की थांबावे आणि पुस्तक उघडेच ठेवून उठावे. दिवा तेवढा मालवू नये.